काळ्या गाईचा कागद

१९६३ साली मी पंचेचाळीस वर्षांचा होतो, आणि आमच्या बेटावरच्या मोंतान्य ब्लांश गावात माझ्याशी भांडून जिंकलेला माणूस अजून जन्मायचा होता. ही बढाई नव्हे. माझी बायकोही हेच सांगायची, फक्त ती कपाळावर हात मारून सांगायची.

शिक्षण म्हणाल तर सरकारी शाळेची दोन वर्षं, तीही धड नाहीत. मराठी अक्षरं बैठकेत शिकलो. दिवसभर कोठीचा, म्हणजे साखरवाल्या गोऱ्यांचा, ऊस तोडायचा आणि संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत चटईवर बसून पाटी गिरवायची. त्या जोरावर हे लिहितो आहे. फ्रेंच नि इंग्रजी मात्र मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. रांग चाललीय एवढं कळतं, काय उचलून नेतेय ते कळत नाही.

लिहितो अशासाठी, की गुरांच्या डॉक्टरच्या नावाने जी बूर्स निघाली (शिष्यवृत्तीला आम्ही इकडे बूर्स म्हणतो), तिच्याबद्दल हल्ली सभांमधून फार साखर वाटतात. डॉक्टर किती थोर, त्यांच्या बाईसाहेब किती दयाळू, आपला समाज किती पुढारलेला. ऐकून मला ठसका लागतो. त्या कामात थोर कोणी नव्हतं. सगळे एकमेकांवर दात धरून होते, आणि सगळ्यांत लांब दात माझे होते.

कापणी संपत आली होती. एका गुरुवारी पोस्टमन पाकीट टाकून गेला. कोपऱ्यात छापलेलं नाव मला वाचता येत नव्हतं, पण ओळखता आलं. त्याच नावाचा एक कागद दहा वर्षं माझ्या पेटीत घडी घालून पडला होता. वैऱ्याचं नाव ओळखायला शाळा लागत नाही.

"हे आपल्या घरात कसं आलं?" मी विचारलं.

पोरगी चुलीपुढे होती. एकोणीस वर्षांची, शाळेची शेवटची, सीनियरची परीक्षा पास झालेली; आमच्या गल्लीत तेवढं शिकलेली ती पहिलीच. "माझं हाय," ती म्हणाली.

"त्या मेलेल्या माणसाचं तुझ्याशी काय काम?"

"मेला म्हणूनच काम हाय, बा. त्याच्या मादामनं त्याच्या नावाची बूर्स काढलीय. एकाला इंग्लंडला धाडणार, गुरांचा डॉक्टर व्हायला. कोणची जात, कोणचा रंग, पोरगा का पोरगी, काय बघणार नाय. घरात गाय पाळलेली पायजे, एवढंच. मी अर्ज केला होता. मंगळवारी क्यूरपीपला बोलावलंय, बापाला घेऊन. एकवीस पुरी नाय मला, म्हणून बापाची सही लागते."

"बाप येणार नाय. आणि बाप सही करणार नाय."

"का?"

"तुला ठाऊक हाय का ते."

"मला चांगलं ठाऊक हाय," ती म्हणाली, आणि भाकरी उलटायला वळली.

आता ते का, ते सांगतो.

१९५३ सालची गोष्ट. आमची एक काळी गाय होती. आमच्याकडे गाय अंधारात राहते. गोठ्याला खिडकी नाही, दार वाकून जाण्याइतकं, वर उसाच्या पाचटाचं छप्पर, आत ओल्या गवताचा धूर. इथली चावरी माशी उजेडात गाईला सुखाने उभं राहू देत नाही, म्हणून हा बंदोबस्त. बायका-पोरींनी शेतातून गवताचे भारे डोक्यावर आणायचे आणि गाईने जागेवर खायचं. परक्याने गोठ्यात पाय टाकायचा नाही, नजर लागते. हा आमचा रिवाज होता आणि माझ्या मते त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.

कोठीचा गुरांचा डॉक्टर गोरा होता. गुडघ्यापर्यंत मोजे, हातात चामड्याची पेटी. हुकूम आला होता म्हणे, दुभत्या गाई सगळ्या तपासायच्या. तो वाकून आत शिरला, काळीच्या मानेत सुई टोचली, गोठ्याला खिडकी पाडा म्हणून मला शिकवलं आणि गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. मानेवर गाठ उठली होती. ती त्याने एका चिमट्यासारख्या पट्टीने मोजली आणि क्रियोलमध्ये, म्हणजे या बेटावर सगळ्यांना येणाऱ्या बोलीत, म्हणाला, "हिच्या छातीत रोग आहे. दुधात उतरतो. गाय न्यावी लागेल."

"मिस्ये," मी म्हणालो, "ही दोन्ही वेळा भांडं भरून दूध देते. आजारी गाय दूध देते होय?"

"देते. तेच तर वाईट आहे."

दारात गल्ली जमली होती. माझ्या गोठ्यात उभा राहून परका माणूस माझ्या गाईला खोटं पाडत होता. मी उकिडवा बसलो आणि लोट्यात धार काढली. आमच्यात चहाचं, विकायचं दूध तापवतात. पण घरच्या लेकराला धारोष्ण पाजतात, फेसासकट, कासेच्या उबेचं. हाडं धरतात त्याने. पोरगी तेव्हा नऊ वर्षांची. रोज पीतच होती. मी तिला पुढे ओढलं, लोटा हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पी. बघू दे याला."

तिने लोटा तोंडाला लावला आणि डॉक्टरने हाताच्या एका फटक्यात तो उडवला. लोटा दगडावर आपटला. दूध शेणात गेलं. पोरीचा ओठ फुटला.

गावादेखत गोऱ्या माणसाने माझ्या पोरीच्या तोंडचं दूध मातीत घातलं. मी कोयता उचलला. दोघा शेजाऱ्यांनी मला मागून धरलं, नाहीतर पुढचं हे सगळं मी तुरुंगातून लिहिलं असतं. त्याच दुपारी गाय लॉरीतून गेली.

काही आठवड्यांनी त्याच्या नावाचा कागद आला. फ्रेंचमध्ये. गल्ली पुन्हा जमली. घरात ती अक्षरं ओळखणारी एकच, पोरगी. मी तिला दगडावर उभी केली आणि म्हणालो, "वाच मोठ्याने." तिने कागद धरला. ओठ हलले. पुष्कळ वेळ हलले. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "गाय चांगली होती, असं लिवलंय."

झालं. मला आणखी काय हवं होतं? मी गावभर सांगत सुटलो की मारणारा स्वतःच्या सहीने कबूल झालाय. कोणी म्हणालं, वकिलाकडे जा. मी म्हणालो, वेळ येईल. कोणी म्हणालं, दाखव तरी. मी घडी वर धरायचो, उलगडायचो नाही. माझ्या पोरीने वाचलंय, तुला काय करायचंय? त्यानंतर डॉक्टर आमच्या बाजूला आला की दारं लागायची. सुई हातात घेऊन तो बाहेरून ठोठवायचा, आतून बायका ओरडायच्या, घरात कोण नाय. दहा वर्षं त्याची सुई आमच्या गल्लीत एका गाईला लागली नाही. ते माझं कर्तृत्व, आणि त्याचा मला गर्व होता.

दुसऱ्या वर्षी पोरीच्या मानेला गाठी आल्या. लेप लावले, दोरा बांधला, उतरून टाकलं. शेवटी इस्पितळात त्या फोडल्या आणि तिथे वण राहिला. आम्ही म्हटलं, त्या डॉक्टरची नजर.

तो मेल्याचं कळलं तेव्हा मी चिन्याच्या दुकानात, बुतिकमध्ये, गेलो आणि उभ्याउभ्या एक ग्लास रम घेतली. लपवत नाही.

तर असल्या माणसाच्या नावाची बूर्स. ती माझ्या घरात यायची, आणि माझ्या पोरीने जन्मभर त्याचं नाव आपल्या नावाला शिवून फिरायचं. गुरुवारपासून घरात कोणी कोणाशी सरळ बोललं नाही. बायको भांड्यांशी बोलायची. "गाय तर गेलीच," ती परातीला सांगायची, "आता पोरगी घरात सडू द्या. बाप्याची मान वर राह्यली म्हंजे झालं."

रविवारी आमच्या मराठी सभेचे अध्यक्ष आले. पांढरं धोतर, काखेत छत्री. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, बैठकेत बरोबर बसलेलो, त्यामुळे अरे-तुरे.

"ऐकलं ते खरं काय?" त्याने टेकतानाच विचारलं. "पोरीच्या जातीनं गाईच्या मागं हात घालायचा? मग तिचा हात धरणार कोण?"

"बरोबर हाय," मी म्हणालो.

"आणि तिकडं ख्रिस्ताव करून सोडतील."

"ते पण बरोबर."

"आणि ज्यानं तुझी गाय मारली त्याच्याच हातचं खायचं? तुझ्या जागी मी असतो तर थुंकलो असतो."

"मी तेच करणार हाय."

त्याला बरं वाटलं. चहाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला. "मग असं कर, सही करू नकोस. पोरीनं नाव मागं घेतलं की तिच्या मागचा नंबर माझ्या भाच्याचा. जागा कशी, समाजातच राहील."

मी विचारलं, "तुझ्या भाच्याच्या घरी गाय कधी होती?"

"सासऱ्याची होती ना माझ्या. तीच लिवलीय."

"तुझा भाचा गाय दिसली तर रस्ता बदलतो."

"शिकेल हळूहळू."

"म्हणजे माझ्या पोरीनं घेतलं तर विटाळ, तुझ्या भाच्यानं घेतलं तर समाज?"

"तसं नाय रे, तू समजून घे..."

"छत्री उचल," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी ठरवलं, मंगळवारी जायचं. सही करायला नव्हे. दहा वर्षं जपलेला कागद त्यांच्या मेजावर आपटायचा, डॉक्टरची सही डॉक्टरच्या बायकोला दाखवायची, आणि म्हणायचं, ठेवा तुमची बूर्स. वेळ येईल म्हणत होतो, ती आली होती.

मी येतो म्हटल्यावर पोरगी खूश होईल असं मला वाटलं होतं. मी पेटी उघडून कागद काढला तशी तिचा चेहरा उतरला.

"बा, तो हितंच ठेव."

"का?"

"ठेव, म्हणते ना."

"घाबरलीस त्यांना?"

"व्हय."

"मी हाय बरोबर," मी म्हणालो आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात घातला. तिने पेटीचं झाकण लावलं.

क्यूरपीपला नेहमीसारखी पावसाची बुरबुर होती. बांबूच्या कुंपणामागे डॉक्टरचं घर, लाकडी, व्हरांड्यात नेच्याच्या कुंड्या. आत दोघंजण बसलेले. एक डॉक्टरची बायको, काळ्या झग्यात, ताठ, सुपारीसारखी सुकलेली. दुसरा कोठीचा मॅनेजर. त्याला मी ओळखत होतो, तो मला नाही; घोड्यावरून माणसं सारखीच दिसत असावीत.

मॅनेजरने पोरीला प्रश्न विचारले. ती फ्रेंचमध्ये उत्तरं देत होती, भराभर, न अडखळता. मला एक अक्षर कळत नव्हतं, आणि माझ्याच पोरीच्या तोंडून त्यांची भाषा इतकी सुरेख निघते याचा मला राग आला. मग त्याने माझ्याकडे बघून क्रियोलमध्ये विचारलं, "आणि तू? वर्षभरात हिला परत बोलावून लग्न लावणार ना? तुम्ही लोक तसंच करता."

"तुम्ही लोक काय करता ते सांगू?" मी म्हणालो आणि कागद मेजावर आपटला. "हे बघा. तुमच्या डॉक्टरची सही. माझी चांगली गाय मारली, पोरीच्या तोंडचं दूध मातीत घातलं, आणि मग स्वतःच लिहून दिलं की गाय चांगली होती. आता त्याच्या नावाने दान करताय. मला नको."

मॅनेजरने घडी उलगडली. वाचता वाचता त्याच्या मिशीखाली हसू आलं, आणि ते हसू मी अजून विसरलो नाही.

"हे तू दहा वर्षं जपून ठेवलंस?"

"ठेवलं."

"यात लिहिलंय, गाय कापून बघितली. दोन्ही फुप्फुसं नासलेली. कासेतही रोग होता. दूध माणसाच्या तोंडी देण्याजोगं नव्हतं. घरातली लहान मुलं डॉक्टरला दाखवून घ्या, असंही लिहिलंय."

"खोटं," मी म्हणालो. "माझ्या पोरीने वाचलंय ते." आणि तिच्याकडे वळलो. "वाच याला."

तिने कागद घेतला. मराठीत सांगायला लागली. फुप्फुसं, कास, दूध, लहान मुलं. शब्दाला शब्द तेच. मी बघत होतो. तिची नजर कागदावर नव्हती, समोरच्या खिडकीवर होती. तिला तो पाठ होता.

ती थांबल्यावर बाई पहिल्यांदा बोलली, तीही क्रियोलमध्येच. पोरीच्या कॉलरकडे बघून तिने विचारलं, "मानेवरचं ते केव्हाचं?"

"पुढच्याच वर्षीचं, मादाम."

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. "ही असली घरं. आणि यांना बूर्स द्यायची म्हणता."

"तुम्ही गप्प बसा," बाई त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात दया वगैरे काही नव्हतं, हे सभेत बोलणाऱ्यांनी लिहून घ्यावं. "मी तुमच्यावर उपकार करत नाहीये. माझ्या नवऱ्याने दहा वर्षं तुमच्या गल्लीत दारं ठोठावली आणि तुम्ही ती त्याच्या तोंडावर लावून घेतलीत. मरेपर्यंत त्याला तुमचा राग होता. मलाही आहे. तो म्हणायचा, या बेटावर गुरांचे डॉक्टर सगळे आमच्यासारखे, आणि गाई सगळ्या त्यांच्या घरात. त्यांच्यातलं कोणी डॉक्टर झाल्याशिवाय औषध दाराच्या आत जायचं नाही. म्हणून हे पैसे. तुम्ही आवडता म्हणून नाही."

"त्याने लोटा उडवायला नको होता," मी म्हणालो.

"मग काय करायला हवं होतं?"

"तोंडाने सांगायचं."

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंत?"

लोटा उडवायला नको होता, हे मी आजही म्हणतो. पण त्या खोलीत मला तेवढंच एक वाक्य येत होतं आणि ते मी म्हणून टाकलं होतं.

बाईने सहीचा कागद पोरीच्या हातात दिला. "शनिवारपर्यंत. नाही आला तर दुसऱ्याला पत्र जाईल."

परतीची बस कार्त्ये मिलितेर गावापर्यंत आली. शेजारच्या बाकावर एक म्हातारी कोंबडीचे पाय धरून बसली होती, ती आमच्याकडे बघून बघून थकली.

"दहा वर्षं मला येडा बनवलास," मी म्हणालो.

"व्हय."

"गावात तो कागद नाचवत फिरलो मी."

"बघत होते ना."

"आणि तोंड उघडलं नाहीस."

"नऊ वर्षांची होते, बा. मला दगडावर उभी केलीस. गल्ली सगळी माझ्याकडं बघत होती. 'दूध' कळलं, 'रोग' कळला. मग तुझं तोंड बघितलं. दुसरं काय वाचणार होते मी?"

"आणि मोठी झाल्यावर?"

"मोठी झाल्यावर मानेचं कळलं. पुस्तकात होतं, तसल्या दुधानं लेकरांच्या मानेला गाठी येतात म्हणून. मग तर सांगायचंच नव्हतं."

"का?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

खोटं बोलायची सवय मला नाही. "नाय," मी म्हणालो.

"म्हणूनच जायचंय मला. गाईंच्या मायेनं नाय. तुझ्यासारख्या माणसाच्या दारात उभं राहून 'तू चुकतोस' म्हणायचं, तर हातात काहीतरी असावं लागतं. उद्या बुधवार. नवीन डॉक्टर कोठीच्या फाटकाशी गाई तपासायला बसतो. दर बुधवारी बसतो. आपल्या गल्लीतली एक गाय तिथं जात नाय. लेकरं दूध पितात सगळी. तुझ्यामुळं जात नाय, बा. दुसऱ्या कोणामुळं नाय."

माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. हे असं माझ्या बापाला मी बोललो असतो तर बसमधून खाली पडलो असतो.

"आणि मी सही नाय केली तर?"

"तर एकवीस पुरी व्हायची वाट बघेन. तोवर जागा अध्यक्षकाकांच्या भाच्याला जाईल. तो इंग्लंडला जाऊन गाईला भिईल."

मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं वो?" मी म्हणालो, विचार तुझ्या पोरीला, आणि पडवीत जाऊन बसलो. जेवलो नाही. माझी अडचण काय होती ती सरळ लिहितो, म्हणजे कोणी नंतर शहाणपणा करायला नको. सही केली की पोरगी जाणार, यात मला आता काही वाटत नव्हतं. ती नाहीतरी हातची गेलीच होती, बसमध्ये. पण सही केली की गाव विचारणार, कालपर्यंत थुंकणार होतास, आज काय झालं? आणि त्याचं उत्तर एकच होतं. दहा वर्षं ज्या तोंडाने लोकांची दारं लावली, त्याच तोंडाने ते द्यायचं होतं. नाही दिलं तर पोरगी इंग्लंडहून शिकून येणार आणि माझ्याच गल्लीत बंद दारापुढे उभी राहणार, पेटी हातात घेऊन, त्याच्यासारखी.

सकाळी उठून आमच्या तांबड्या गाईची धार काढली. त्या दिवशीचं दूध कोणाच्या घरी घातलं नाही, तसंच ओतून टाकलं. बायको बघत राहिली, पण परातीशीसुद्धा बोलली नाही. पोरीला म्हणालो, आण तो कागद. तिने बोट ठेवून जागा दाखवली. मी मराठी अक्षरांत सही केली, सावकाश, एकेक अक्षर डोक्यावर रेघ देऊन. मॅनेजरला वाचता येणार नाही ती. त्याने कोणाला तरी विचारावं. कागद तिच्या हातात दिला आणि म्हणालो, तूच नेऊन दे, मी त्या घरात पुन्हा पाय टाकणार नाही.

मग तांबडीच्या पाठीवर माशांसाठी ओलं गोणपाट टाकलं, दावं सोडलं आणि तिला ओढत रस्त्यावर आणली. तिला चालायची सवय नव्हती, दर चार पावलांना थांबायची. गवताला निघालेल्या बायका विळे हातात घेऊन बाजूला झाल्या. बुतिकच्या बाकावर अध्यक्ष बसला होता, आणखी चौघंपाच होते.

"काय रे, इकतोस की काय गाय?" त्याने विचारलं.

"नाय. तपासायला नेतोय."

"डोकं फिरलं? तूच तर सांगत होतास..."

"मीच सांगत होतो. कागद काल वाचून घेतला. काळी सडलेली होती आतनं. पोरीला पाजलं मी ते दूध. तुझ्या घरी पण जात होतं. आता सांग जा सगळ्यांना, तुला सांगायला आवडतं."

मी थांबलो नाही, कारण गाय एकदा थांबली की हलत नसे. कोठीच्या फाटकाशी नवीन डॉक्टर टेबल मांडून बसला होता, गोराच, तरणा, समोर कोणी नाही. मला बघून तो उठला आणि दावं घ्यायला हात पुढे केला. मी दावं दिलं नाही. स्वतः गाईचं तोंड धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "मार सुई."